ढकललं की पाय सुटतात? आधी उसना तोल तपासा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की दुसरं, ते लगेच कळेल.

– समोरच्याने छातीवर तळवे ठेवून सावकाश ढकललं, तरी चवडे जमिनीवरून सुटतात आणि तुम्ही दोन पावलं मागे जाता.
– कलंडत नाही, पण घेतलेल्या पवित्र्यासकट मागे सरकता. कपाट सरकवावं तसे.
– समोरून धक्का आला तर उभे राहता. तोच धक्का तिरका आला की गेलात.
– छान घट्ट उभे राहता, पण ढकलणाऱ्याने अचानक हात काढले की तोंडावर येता.
– मिनिटभरात मांड्या थरथरतात, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं.
– डोळे मिटून उभं केलं तर धक्क्याआधीच डुलता.

यातलं आपलं कुठलं ते नीट बघा. घसरणं आणि कलंडणं हे दोन वेगळे रोग आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

हे दुखणं मी रोज बघतो. लहानपण बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या वाड्यात गेलं. शाळा सुटली की तालीम, लाल माती, अंगाला तेल. पुढे नोकरीने चार वर्षं सिंगापूरला नेलं. तिथे बागेत म्हाताऱ्या मंडळींकडून ताइची शिकलो, आणि त्यातला थुईशौ, म्हणजे हाताला हात लावून एकमेकांचा तोल काढायचा खेळ. आता सकाळी कमाटीबागेत पाच-सात जण असतात, संध्याकाळी आमच्या गच्चीवर दहा-बारा. कराटेची पोरं, कुस्ती सुटलेले गडी, निवृत्त काका-काकू, सगळे. तक्रार सगळ्यांची तीच, आणि सगळ्यांनी घरूनच ठरवून आणलेलं निदानही तेच: "पायात जोर नाही हो. किती बैठका मारू?"

बैठका मारा, चांगल्याच आहेत. पण त्याने हे बरं होत नाही. रोज पाचशे बैठका मारणारा गडी अकरावीतल्या मुलीच्या एका तळव्याने मागे गेलेला मी पाहिला आहे. आपल्या तालमीतली बैठक टाचा उचलून, चवड्यांवर घेतात. दमसास आणि मांड्या तयार होतात, पण टाचेत वजन कसं सोडायचं हे त्यात कधी शिकायलाच मिळत नाही. म्हणून खाली दिलेल्या क्रमाने जा. पहिल्या तपासण्या फुकट आहेत, शेवटच्यांना वेळ आणि पैसा लागतो. बहुतेकांचं काम चौथीपर्यंत होतं.

आधी ढकलणारा तपासा

खर्च शून्य. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, कारण ढकलणारा ढकलत नसून हिसका देत असतो. हिसक्याला उत्तर पावलाने द्यायचं असतं, उभं राहून नाही. तेव्हा तपासणीसाठी एक शिस्त ठरवा. तळवा गळपट्टीच्या हाडाखाली किंवा खांद्याच्या पुढच्या बाजूला. मुली-बायकांसाठी दोन्ही हात छातीसमोर आडवे धरून त्या हातांवर. गळ्यावर कधीच नाही. मनात पाच अंक मोजत जोर शून्यापासून वाढवायचा आणि समोरच्याची टाच किंवा चवडा सुटला की तिथेच थांबायचं. मागे दोन-अडीच मीटर जागा मोकळी. पन्नाशीच्या पुढच्यांच्या मागे गादी उभी करून भिंत.

मित्राला मित्र ढकलतो तेव्हा पहिल्या तीन वेळा नीट ढकलतो आणि चौथ्यांदा हसत धक्का मारतो. हे बडोद्यातच होतं असं नाही, पण आमच्या गच्चीवर तर नेमाने होतं.

मग जमीन आणि तळवे

पवित्र्यासकट सरकत असाल तर आजार बहुधा तुमचा नाही, फरशीचा आहे. अनवाणी पायाला स्वच्छ फरशीवर वजनाच्या निम्मी पकड मिळते असं धरा. मग 60 किलोच्या माणसाला सरकवायला 30 किलोचा आडवा जोर लागेल. गच्चीवरच्या धुळीने, अंगाला लावलेल्या पावडरीने किंवा मोज्यांनी तीच पकड वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर आली तर 12 किलोलाच काम तमाम. तेव्हा आधी केरसुणी, मग ओलं फडकं, मग पाय धुऊन कोरडे. मातीत असाल तर माती पुन्हा खणून भुसभुशीत आहे का बघा. वरचा थर वाळून कडक झाला की त्यावर तेलकट पाय नाचतात. जाड फोमच्या मॅटवर वेगळीच गंमत. पाय सरकत नाही, पण तळव्याला जमिनीची खबरही लागत नाही. शिकताना कडक जमीन बरी, पडायला मॅट बरी.

पायाची नखं, टाचांच्या भेगा, फोड हेही बघा. नवरात्रात नऊ रात्री अनवाणी गरबा खेळून आलेल्यांची तपासणी मी दसऱ्यानंतर आठवडाभर घेतच नाही. टाच दुखते म्हणून माणूस नकळत चवड्यावर राहतो, आणि मग मी उगाच त्याच्या कमरेत दोष शोधत बसतो.

खडू घ्या, पावलं आखा

कलंडणाऱ्यांचा खरा हिशेब इथे आहे, आणि तो एकदा कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. 60 किलोचा माणूस दोन्ही पाय शेजारी-शेजारी ठेवून उभा आहे. त्याच्या वजनाची रेघ टाचेच्या मागच्या कडेपासून साधारण 10 सेंटिमीटर पुढे पडते. छातीवर, म्हणजे जमिनीपासून 125 सेंटिमीटरवर, धक्का लागला. कलंडायला किती जोर पुरेल? 60 गुणिले 10, भागिले 125. पाच किलोसुद्धा नाही. भाजीची भरलेली पिशवी तेवढी असते.

आता त्याच माणसाने एक पाय मागे टाकला. मागची टाच वजनाच्या रेघेपासून 45 सेंटिमीटर मागे गेली, थोडं खाली बसल्याने धक्का 110 सेंटिमीटरवर लागला. 60 गुणिले 45, भागिले 110. साडेचोवीस किलो. मांड्या त्याच, बैठका तेवढ्याच, फक्त खडूची रेघ हलली आणि माणूस पाचपट पक्का झाला.

मग दोन्ही पाय मीटरभर फाकवून का उभं राहू नये? कराटेवाली पोरं नेमकं हेच करतात. झेनकुत्सु-दाची नावाचा तो लांब पवित्रा पुढच्या-मागच्या जोराला उत्तम आहे. पण दोन पावलांना जोडणारी रेघ काढा आणि त्या रेघेला काटकोनात ढकला. बोट पुरतं. दोन पायांवर उभ्या माणसाला प्रत्येक पवित्र्यात एक कच्ची दिशा असतेच. तिवईला तीन पाय असतात, आपल्याला दोन. तो नसलेला तिसरा पाय जिथे असायला हवा होता, तिथेच माणूस पडतो. ज्युदोत हेच शास्त्र करून ठेवलं आहे. कानो जिगोरो यांनी 1882 साली टोकियोत कोदोकान काढलं, आणि तिथे डाव टाकण्याआधी समोरच्याचा तोल मोडायचा, याला 'कुझुशी' असं वेगळं नाव देऊन आठ दिशांनी शिकवतात.

म्हणून खडूने स्वतःचा पवित्रा आखा, तिसऱ्या पायाच्या दोन्ही जागांवर फुली मारा, आणि मित्राला मुद्दाम तिथून ढकलायला सांगा. तिरक्या धक्क्याला जाणाऱ्याचं लक्षण इथे उलगडतं. उपायही सोपा आहे. लांबीचा मोह थोडा सोडून पावलांत आडवं अंतर ठेवायचं, साधारण आपल्याच नितंबांच्या रुंदीएवढं. पावलं एका दोरीवर नकोत. शिवाय धक्का जिकडून येतो तिकडे पवित्रा वळवायची सवय लावायची, कारण कच्ची दिशा नाहीशी करता येत नाही, फक्त समोरच्यापासून लपवता येते.

उसना तोल

आता मुख्य दुखणं. हे मला शिकवलं सिंगापूरच्या बागेतल्या एका आजींनी. वजन फार तर 45 किलो. मी तेव्हा तिशीत, तालमीचा माज अंगात. त्यांनी माझ्या खांद्यांवर हात ठेवले आणि ढकलायला लागल्या. मी घट्ट. त्यांनी जोर वाढवला, मी आणखी घट्ट. मनात म्हटलं, बघून घ्या म्हातारबाई बडोद्याची माती. तेवढ्यात त्यांनी हात काढून घेतले. बस्स, एवढंच केलं. मी गवतावर उपडा. त्यांनी मला पाडलं नव्हतं. मी त्यांच्यावर रेलून उभा होतो, आणि टेकू त्यांनी काढून घेतला.

वर केलेल्या हिशेबातच याचं कारण आहे. धक्क्याच्या दिशेने अंग झुकवलं की वजनाची रेघ पुढे जाते, मागच्या टाचेपासूनचं अंतर वाढतं, आणि कागदावर तुम्ही जास्त पक्के होता. शरीराला हे कुणी शिकवावं लागत नाही. ढकललं की ते आपसूक पुढे झुकतं. पण ही पक्केपणाची रक्कम उसनी आहे. समोरचा हात लावून आहे तोवर ती आपली. त्याने हात काढला, वळवला किंवा उलट ओढलं, की सावकार दारात. कुस्तीत गर्दनखेच नेमकी इथेच लागू पडते. आधी मानेला मागे रेटायचं, गडी पुढे रेटायला लागला की खाली ओढायचं.

तपासणी फुकट आहे आणि दोन मिनिटांची आहे. मित्राने सावकाश ढकलायचं, आणि न सांगता कधीही हात काढायचे. दहा वेळा करा. हात काढल्यावर तुमची छाती वीतभरही पुढे गेली तर तोल उसना आहे. फक्त जराशी डुलून जागच्या जागी राहिली तर तुमचा आहे. स्वतःला फसवणं सोपं असतं, म्हणून बाजूने मोबाइलवर चित्रण करा. मी उभाच होतो असं शपथेवर सांगणारे स्वतःचं चित्रण बघून गप्प होतात.

आणखी पक्की तपासणी हवी असेल तर घरचा वजनकाटा आणा, शक्य असेल तर शेजाऱ्यांकडचा दुसराही, आणि प्रत्येक पावलाखाली एक ठेवा. दोन्ही पावलं एका पातळीत राहिली पाहिजेत. धक्का वाढतो तसा मागच्या काट्यावरचा आकडा वाढायला हवा. पुढच्याच काट्याचा आकडा चढत असेल तर तुम्ही त्याच्यावर रेलताय. इथे वाद संपतो. काट्याला तुमची तालीम कुठली ते माहीत नसतं.

उपाय मात्र दोन मिनिटांचा नाही. ढकलणाऱ्याने फार कमी, दोन-तीन किलोंच्या जोराने सुरुवात करायची. तुम्ही त्या जोराला वरून उत्तर द्यायचं नाही. तो जोर मागच्या मांडीत, तिथून टाचेत जाऊ द्यायचा. कंबर किंचित खाली, जणू मागे उंच स्टूल आहे आणि त्याच्या कडेवर टेकणार आहात. माकडहाड खाली, पोट आत खेचलेलं नाही, बरगड्या पुढे फुगवलेल्या नाहीत. दर चार-पाच श्वासांनी मित्राने हात काढायचे. हललात तर जोर पुन्हा कमी. आठवड्याला किलो-किलोने वाढवा. कंटाळवाणं आहे, कबूल. माझ्याकडचे निम्मे लोक याच पायरीवर सोडून जातात आणि उरलेल्यांचं बरं होतं.

जोर मोजायला सामान तोलायचा टांगता काटा वापरा. प्रवासाच्या बॅगांसाठी मिळतो तो. कमरेला पट्टा, पाठीमागे दोरी, दोरीला काटा, आणि मित्राने मागून ओढायचं. समोरच्या धक्क्याची नक्कल होते आणि आकडा समोर दिसतो. दोरी कमरेला बांधली तर जोर खाली लागतो, तेव्हा छातीवरच्या धक्क्यापेक्षा आकडा मोठा येणारच. त्यावर खूश होऊ नका.

खांदे, श्वास आणि 'सोंग'

उसना तोल काढायला गेलं की बहुतेकांचा पुढचा दोष उघडा पडतो. खांदे कानाला लागलेले, श्वास अडकलेला, दात आवळलेले. धक्का मग खांद्यापाशीच अडतो आणि धड एखाद्या फळीसारखं मागे जातं. चिनी शिकवणारे यावर 'सोंग' असा शब्द वापरतात. अर्थ सैल, सुटलेलं, पण ढेपाळलेलं नाही. आमच्या गच्चीवर मी हा शब्द सांगितला आणि पोरांनी मराठीतलं सोंग आणलं: चेहरा शांत, खांदे तसेच वर. तेव्हापासून मी शब्द बदलला. ओला टॉवेल दोरीवर टाकल्यावर जसा लोंबतो तसे खांदे ठेवा म्हणतो. टॉवेल लोंबतो, पण गळून पडत नाही.

तपासणी: ढकललं जात असताना मोठ्याने बाराचा पाढा म्हणा. आवाज चिरकला किंवा बारा सत्ते पाशी श्वास अडला, तर जोर छातीत अडला आहे. मुलांना यात भारी मजा येते. एका काकूंनी पाढ्याऐवजी मारुतिस्तोत्र धरलं, आणि त्या माझ्या सगळ्या वर्गात सर्वात आधी पक्क्या झाल्या. कारण काय ते ज्याने त्याने ठरवावं. मी म्हणेन, त्यांचा श्वास अडायला वेळच मिळत नव्हता.

पायाच्या बोटांनी जमीन घट्ट आवळून धरणं हेही याच घरातलं दुखणं. बोटं आवळली की घोटा लाकडासारखा होतो आणि बारीक सुधारणा करायची त्याची सोय जाते. तळवा पसरू द्या. टाच, अंगठ्यामागचा उंचवटा आणि करंगळीमागचा उंचवटा, या तीन जागांवर वजन राहिलं पाहिजे.

कोपर आणि जोराची दिशा

इथवर सगळं ठीक असूनही जड माणूस तुम्हाला हलवत असेल, तर तुम्ही त्याचा धक्का सरळ घेताय. तो ढकलत असताना तुमचा हात त्याच्या कोपराखालून किंचित वर लागू द्या. उचलायचं नाही, फक्त वरच्या दिशेने आधार द्यायचा. त्याचं थोडं वजन तुमच्यावर येतं. तुमच्या पावलांची पकड वाढते, त्याची तेवढीच घटते. तोही त्याच फरशीवर उभा आहे, हे लोक विसरतात. ढकलणाऱ्याचे पाय आधी सरकले तर तुम्हाला कोण हलवणार?

'अढळ गुरुजी'च्या बऱ्याच चमत्कारांमागे हीच युक्ती असते. 1880च्या दशकात अमेरिकेच्या जॉर्जियातली लुलू हर्स्ट ही किशोरवयीन मुलगी रंगमंचावर धट्ट्याकट्ट्या पुरुषांशी काठी धरून रेटारेटी करायची आणि ते तिला हलवू शकायचे नाहीत. लोकांना वाटायचं, अंगात काही शक्ती आहे. पुढे तिने स्वतःच सांगून टाकलं की सगळा खेळ जोराची दिशा वळवण्याचा होता. तेव्हा कुणी एका पायावर उभं राहून पाच जणांना 'ढकला' म्हणालं, तर नमस्कार करा आणि त्याच्या हाताखाली तुमची कोपरं कशी आहेत ते बघा.

घोटा आणि गुडघा

मांड्या थरथरणारे आणि वाटीखाली दुखणारे, तुम्ही इथे थांबा. टाचा टेकवून उकिडवं बसता येतं का? गावाकडच्या आजोबांना येतं, खुर्चीवर वाढलेल्या पोराला येत नाही. टाचा उचलल्या जात असतील तर घोटा आखडला आहे. असा माणूस पवित्र्यात खाली बसला की टाच हलकी होते, गुडघा आतल्या बाजूला पडतो, आणि सगळा भार वाटीवर येतो. भिंतीपाशी आणखी एक तपासणी करा. पाऊल भिंतीकडे, टाच टेकलेली, गुडघा भिंतीला लावायचा. अंगठा भिंतीपासून 10 सेंटिमीटरवर ठेवून जमलं तर घोटा कामापुरता मोकळा आहे. दोन्ही पायांत मोठा फरक असेल तर जुनी मुरगळ आठवून बघा.

यावर रोज थोडा वेळ उकिडवं बसणं, हाताने खांब धरून, आणि पवित्रा तेवढाच खोल ठेवणं जेवढ्यात टाच टेकलेली आणि गुडघा पावलाच्या बोटांच्या रेघेत राहतो. दोन-तीन महिने लागतात. आणि हो, आता बैठका. पण टाचा टेकवून, सावकाश, पंचवीस.

पाऊल टाकणं

एक गैरसमज मला काढून टाकायचा आहे. पाय रोवणं म्हणजे झाड होणं नाही. जगातला कुठलाच पवित्रा सगळ्या जोरांना पुरत नाही, हे वरच्या आकड्यांवरूनच दिसतं. कुस्तीच्या खडाखडीत कुणी रोवून उभा राहत नाही, राहिला तर समोरचा गडी पट काढून, म्हणजे पाय खेचून, मोकळा. रोवलेले पाय तुम्हाला अर्धा सेकंद मिळवून देतात. तेवढ्यात जोर कुठून येतो ते कळतं आणि पाऊल तुमच्या इच्छेने पडतं. माझ्याकडे अहमदाबादला रोज ट्रेनने अपडाऊन करणारा एक जण आहे. त्याला मी डब्यात गाडीच्या दिशेला आडवं उभं राहून, हात कडीजवळ पण कडीला न लावता, हाच सराव सांगितला. गाडी थांबताना कंबर सोडायची, आणि नाहीच जमलं तर पाऊल टाकायचं. दाराजवळ नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

इथे थांबा

आता ज्या गोष्टी माझ्या किंवा तुमच्या उस्तादांच्या हातातल्या नाहीत.

पाय जुळवून, भिंतीजवळ, कुणाला शेजारी उभं करून डोळे मिटा. जरासं डुलणं सगळ्यांना होतं. पण लगेच एका बाजूला झोक जात असेल, आधार घ्यावा लागत असेल, तर सराव बंद आणि डॉक्टर. अंथरुणात कुशीवर वळताना खोली गरगरते का? कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आतल्या कानातल्या तोलाच्या यंत्रणेत बिघाड असतो, आणि त्यातला एक नेहमीचा प्रकार डोकं ठरावीक तऱ्हेने फिरवून बरा होतो. ते फिरवणं त्यांच्याकडूनच शिका, मोबाइलवर बघून नको. तोल जाण्याबरोबर बोलणं जड झालं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर वाट बघू नका, 108 लावा.

गुडघ्यात 'कट्' असा आवाज येऊन काही तासांत सूज आली, किंवा गुडघा वाकून अडकला, तर हाडांचे डॉक्टर. घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे. बडोद्यात मार लागला की आधी हाडवैद्य, ही जुनी रीत. तिला थोर वारसाही आहे: जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रो. माणिकराव मल्लविद्येइतकेच हाडं बसवण्यासाठीही नावाजलेले होते. म्हणून कुणी मला "एक्स-रे कशाला, तालमीत चोळून घेऊ" म्हणालं की मी सांगतो, माणिकरावांचेच शिष्य स्वामी कुवलयानंद पुढे योगक्रियांचा अभ्यास एक्स-रे लावून करत होते. फोटो काढून घ्या. चोळणं नंतर.

आणि मधुमेह. हे मी फार उशिरा शिकलो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे तीन महिने येत होते. जमीन पुसली, खडू आखला, काटे ठेवले, उसना तोल काढला. उजेडात ठीक, डोळे मिटले की कोसळत. मी त्यांच्या कमरेला दोष देत राहिलो, एकदा तर सरावात लक्ष नाही म्हणून बोललोसुद्धा. मग एका संध्याकाळी ते जिना चढून वर आले, तेव्हा एका पायात चप्पल होती, दुसरी खाली दुसऱ्या पायरीवर. त्यांना पत्ताच नव्हता. तळव्याला जमीन कळत नव्हती आणि मी त्यांना जमिनीत मूळ धरायला सांगत होतो. साखर बरीच वर्षं होती, पण पाय कधी तपासलेले नव्हते. डॉक्टरांनी तळव्यांवर बारीक नायलॉनचा तंतू टेकवून बघितलं, बऱ्याच जागी त्यांना काही लागलंच नाही.

आता नव्या माणसाला मी खडूच्याही आधी विचारतो, चप्पल पायातून निसटल्यावर कळते का? काका अजून येतात. कठड्याला एक हात लावून, उजेडात, मऊ तळाचे बूट घालून. त्यांना कुणी ढकलत नाही. ते दुसऱ्यांना ढकलतात, सावकाश, पाच अंक मोजत, आणि हात कधी काढायचे हे आमच्या सगळ्या वर्गात त्यांच्याइतकं नेमकं कुणाला जमत नाही.